सत्काराचा लॅपटॉप

पाऊस साडेसहाला थांबला तेव्हा भिला पथारीच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या घोट्यापर्यंत तांबडं पाणी होतं.

नंदुरबारच्या बाहेर, रस्त्याला लागून नवनीतशेठची ही पथारी. पाच एकर मोकळं रान आणि दसऱ्यापासून पुढे चार महिने त्यावर वाळत घातलेली मिरची. दिवाळी होऊन सहा दिवस झाले होते. या दिवसांत पाऊस येत नाही असं नाही, पण आला की सगळे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पळतात. भिलाने गडी हाकारले, ताडपत्र्या ओढल्या, तरी निम्मीच मिरची झाकली गेली. उरलेली पाण्यात फुगून पडली होती.

ओल्या मिरचीचा वास तिखट नसतो. आंबूस, कुबट असतो, दिवसभर ओल्या बुटात राहिलेल्या पायासारखा, आणि तो टाळूला चिकटून बसतो. भिला बावीस वर्षं इथे मुकादम होता. मूठभर मिरची कानाशी धरून हलवली की आतल्या बियांच्या आवाजावरून तो ओलावा सांगायचा. आज मूठ हलवली तर काही वाजलं नाही. लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याने हात पँटला पुसला आणि थुंकला. थुंकीही तांबडी होती.

ऊन वर आल्यावर बाया आल्या. तोंडाला फडकी बांधून, हातांना तेल लावून त्या ढिगाभोवती बसल्या आणि देठ खुडायला लागल्या. भिलाची बायको शीला त्यांच्यात होती आणि तिच्या शेजारी मुलगी रुचिका. रुचिका शहाद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती, रोज एसटीने प्रकाशावरून जायची-यायची. सुटी संपायला आठ दिवस होते. सुटीत घरी बसून काय करायचं, म्हणून ती आईबरोबर आली होती. तिच्या शिक्षणाचं कौतुक कोणाला नव्हतं. कौतुक होतं ते तिच्या ओढणीच्या गाठीत बांधलेल्या कागदाचं.

“काढ वं तो कागद,” कौसाबाई म्हणाली. ती ढिगावरची सगळ्यांत म्हातारी; तिच्या बोटांची कातडी मिरचीने कधीच जाळून टाकली होती. “काय म्हनतस तुन्हं कॉलेज?”

“जानेवारीपासून ज्याना त्याना लॅपटॉप आना म्हनतस, मावशी. प्रॅक्टिकल त्यावरच शे. सोळा जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी, प्रोसेसर नवा.”

“सोळा जीबी म्हंजे सोळा काय?”

रुचिकाने ढिगाभोवती नजर फिरवली. “आठे ढिगले कितल्या बाया बठन्यात?”

“बारा.”

“चारच ऱ्हायन्यात त?”

“त मुकादम बोंबलस.”

“तेच. रॅम म्हंजे ढिगले बठेल बाया. चार बाया बसाडीसन बारा जनीसनं काम सांगं, त काम व्हत नही. तो तठेच अडकी जास. एसएसडी म्हंजे गोडाऊन.”

“आनि प्रोसेसर?”

“मुकादम.”

“मंग देखीसन ले पोरी,” कौसाबाई म्हणाली. “तुन्हा बापसारखा लेशी त दिनभर उभाच ऱ्हाई, नि खोकत ऱ्हाई.”

बाया फडक्याआडून हसल्या. भिलाही हसला, आणि हसता हसता त्याला खरंच ठसका लागला.

हा कागद रुचिकाने दोन महिने वागवला होता. कॉलेजच्या लायब्ररीतल्या संगणकावर बसून तिने एकेक मॉडेल तपासलं होतं आणि वहीत लिहिलं होतं: हा पातळ आहे, दिसायला छान, पण त्याची रॅम पुढे वाढवता येत नाही, ह्याला गेमचं ग्राफिक कार्ड आहे, ते आपल्याला लागत नाही, उगाच गरम होतो आणि बॅटरी खातो, ह्याचं सगळं ठीक, पण आत आठच जीबी. शेवटी एका नावाभोवती तिने पेनाने चौकोन केला होता. शहाद्याला बसस्थानकाजवळच्या दुकानात तो होता. तिने काचेतून पाहिला होता, आत जायला धजली नव्हती. तो घ्यायचा म्हणून भुरी विकायची, हेही ठरलं होतं. भुरी म्हणजे भिलाच्या दारची म्हैस, दुसऱ्या वेताची. प्रकाशाचा एक दूधवाला तिला दोनदा बघून गेला होता.

अकराच्या सुमाराला शेठची गाडी आली. नवनीतशेठ पांढऱ्या कपड्यांत खाली उतरले आणि कोरडी जागा बघत पाय टाकू लागले. गाडी चालवणारा त्यांचा मुलगा भाग्येश आतच बसला. पुण्याला इंजिनीअर होऊन तो चार वर्षांपूर्वी परत आला होता आणि आता धंदा बघत होता, म्हणजे गाडी चालवत होता.

“वाया कितली गयी?” शेठने विचारलं.

“चाळीस पोतं तरी. दोन दिनमा बुरशी पकडी.”

“फेकू नको. वाळाड, जशी वाळी तशी. मंग पोतामा भर. खाले चांगली, वर चांगली, पोटमा ही.”

भिलाने मान हलवली. हे काही नवीन नव्हतं. पाऊस लागलेल्या प्रत्येक सालात पोत्यांची पोटं त्यानेच भरली होती.

तेवढ्यात कौसाबाई मोठ्याने म्हणाली, “शेठ, भिलानी पोर कॉम्प्युटर लयी ऱ्हायनी. सोळा बायासना.”

शेठना गंमत कळली नाही, पण बातमी कळली. “विकत? विकत काबर? आपलं मंडळ कसाले शे रे भिला? रविवारले गुणगौरव शे. तुन्ही पोरनं नाव मी घाली देस. लॅपटॉप मन्हातर्फे.”

भिलाचे हात आपोआप जोडले गेले. त्यांच्यामधून अजून लाल पाणी टपकत होतं. बाया खुडायच्या थांबल्या. शीलाने पदर सारखा केला.

“काका,” रुचिका उभी राहून म्हणाली, “कोनता लॅपटॉप देशात?”

शेठने तिच्याकडे पाहिलं. असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. गाडीच्या खिडकीतून भाग्येश म्हणाला, “आय-सेव्हन आहे. मस्त मशीन आहे.”

“कितव्या जनरेशनचा? रॅम किती आहे?”

“पप्पा,” भाग्येश हसला, “ही आपलाच इंटरव्ह्यू घेतेय.”

शेठही हसले. गड्यांपैकी दोघे, काही न कळता, हसले. भिलाच्या कानशिलांपाशी ऊन चढल्यासारखं झालं.

“बस खाले,” तो मुलीला म्हणाला. ती बसली.

घरी गेल्यावर तिने बापाकडे पुन्हा विषय काढला. शीला धार काढून आली होती. तिच्या हातांना तेल लावूनही मिरची राहिलेली असायची, म्हणून भुरीच्या सडांना हात लावण्याआधी ती ते ताकाने धुवायची. भुरी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

“दादा, तू शेठले ना म्हन.”

“ना कसं म्हनू? बावीस साल त्यासनं मीठ खाधं.”

“मीठ नही, मिरची खाधी,” शीला चुलीपुढून म्हणाली. “रोज खातस.”

“त्यानी रॅम सांगी नही, माय. ज्याले सांगाजोगं ऱ्हास तो सांगस.”

“फुकटमा भेटी ऱ्हायना,” भिला म्हणाला. “आनि म्हैस वाची.”

म्हैस वाची, हे ऐकून शीलाने चुलीत लाकूड सारलं. रुचिकाने वही मिटून फळीवर ठेवली.

शनिवारपर्यंत भिला बुरशीत होता. ऊन पडलं, पण मिरची वाळली ती वरवर. आतून तिला राखाडी केस फुटले. हात घातला की काळी भुकटी उडायची, नाकात, डोळ्यांत, कानात. गड्यांच्या नाकांतून काळं पाणी वाहायचं आणि ते बाह्यांना पुसून पुसून बाह्या कडक झाल्या होत्या. भिला पोत्याच्या तळाशी चार बोटं चांगली मिरची अंथरायचा, मग ही ओतायचा, कोपरापर्यंत हात घालून दाबायचा. आत पोतं गरम असायचं, आजारी जनावराच्या तोंडासारखं गरम आणि ओलसर. वरून पुन्हा चांगली, लाल, चकचकीत. तोंड शिवलं की पोतं कुठल्याही पोत्यासारखं दिसायचं. दुपारी भाकरीचा घास तोंडाशी नेला की हाताचा वास यायचा आणि घास खाली यायचा. तो नुसतं पाणी पिऊन उठायचा.

रविवारी समाजाच्या मंडळाच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. मंचामागच्या फलकावर नवनीतशेठचा माणसाएवढा फोटो होता, खाली गुणवंत मुलामुलींचे पोस्टाच्या तिकिटाएवढे. रुचिकाच्या फोटोखाली नाव भलत्याच मुलीचं होतं. शेठ मंडळाचे अध्यक्ष. सूत्रसंचालन सुकलाल करत होता, तो मंडळाचा चिटणीस, झेडपी शाळेत मास्तर. घरी अहिराणी बोलणारा सुकलाल माइकसमोर उभा राहिला की पुस्तकी मराठी बोलायचा.

“समाजाची कन्या संगणक अभियंता होत आहे, आणि त्यासाठी आदरणीय शेठजींनी अत्याधुनिक लॅपटॉप भेट दिलेला आहे. जोरदार टाळ्या.”

खोकं नवं कोरं होतं, त्याला सोनेरी फीत. फोटोवाल्याने फोटो काढला, मग म्हणाला, पुन्हा द्या, शेठचे डोळे मिटले. खोकं परत शेठच्या हातात गेलं आणि परत रुचिकाच्या. तिसऱ्यांदा भाग्येशलाही बोलावून घेतलं. खोकं तिच्या हातात, पण बाप-लेकांचे तीन हात त्यावर, आणि भाग्येशचा एक हात तिच्या खांद्यावर. भिला खालून तो हात बघत होता. फोटो झाला तरी तो थोडा वेळ तिथेच राहिला.

मग पालकांचे दोन शब्द. मंडळाची ही रीत होती: सत्कार घेणाऱ्या घराने तसंच उठून जायचं नाही, मंडळाच्या वसतिगृहाला काहीतरी जाहीर करायचं. एकाने चार पंखे दिले. एकाने पाण्याचं मशीन. प्रत्येक वेळी सुकलाल लिलावातला आकडा पुकारल्यासारखा ओरडायचा आणि टाळ्या व्हायच्या. भिलाने हे काही आधी मनात आणलं नव्हतं. माइक हातात आला तेव्हा तो पाहिजे त्यापेक्षा जड लागला. समोर दोनशे माणसं, त्यांत मिरचीच्या धंद्यातली निम्मी, आणि सगळ्यांना माहीत की हा शेठचा मुकादम, हा घ्यायला आलाय. नुसता घ्यायला.

“मन्ही म्हैस,” तो म्हणाला. आवाज त्याच्या मागून, पुढून, छतातून आला. “भुरी. वसतिगृहले दिधी. पोरं दूध पेतीन.”

टाळ्या पडल्या. पंख्यांना पडल्या नव्हत्या एवढ्या. शेठ उठून आले आणि त्याला मिठी मारली. अत्तराचा वास त्याच्या तोंडात गेला. बायकांच्या बाजूला शीला मांडीवर हात ठेवून बसली होती आणि टाळी वाजवत नव्हती.

रिक्षातून उतरून ती घराच्या दारात बोलली.

“मले विचारं व्हतं?”

“तठे कसं विचारू?”

“धार कोन काढस तिनी? तू का मी? वेतले तिना पाड्या कोनी काढा व्हता रातभर बठीसन?”

संध्याकाळी टेम्पो आला. भुरी चढेना. चौघांनी शेपूट पिरगाळून तिला चढवलं. शीला घरातून बाहेर आली नाही.

दिवाबत्तीच्या वेळी रुचिकाने खोकं उघडलं. फीत तिने कापली नाही, सोडवली. आतला लॅपटॉप एका जुन्या फडक्यात गुंडाळलेला होता. झाकणावर स्टिकर ओरबाडून काढल्याचा चिकट चौकोन होता आणि त्याला केस आणि धूळ चिकटून त्याची काळी साय झाली होती. उघडल्यावर आधी वास आला: गुटखा, डोक्याचं तेल, बंद खोलीतलं काहीतरी. कळांवरची अक्षरं पुसलेली. ‘ए’ची कळ दाबली की दबलेलीच राहायची. कळांच्या फटींत सुपारीची भुकटी, नखाचा एक तुकडा, पापणीचे केस. पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात शिंतोडे वाळले होते, तांबूस. खाली पोटाशी बॅटरी फुगून झाकण वर आलं होतं.

“धुळ बसनी व्हई,” भिला म्हणाला.

रुचिकाने ओल्या फडक्याच्या टोकाने कळा पुसल्या. फडकं पिवळं झालं. तिने मशीन सुरू केलं. ते घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. भाग्येशचं नाव आलं. तिने फोटोंचं एक फोल्डर उघडलं, आणि लगेच झाकण खाली आदळलं. तो आवाज ऐकून शीला आत आली.

“काय शे?”

“काही नही.” ती ओढणीला हात पुसत राहिली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग म्हणाली, “काही नही, माय. मी ते बठ्ठं पुसी टाकस. तू इकडे देखू नको.”

भिलाला कळलं होतं, आणि कळल्याचं तिला कळू नये एवढंच वाटत होतं. त्या घाणीसाठी त्याने दोन हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी पथारीवरून आल्यावर त्याने तिला लॅपटॉपपुढे बसलेली पाहिली.

“चालू त व्हयना ना?”

“आठे बस.” तिने त्याला शेजारी बसवलं. “हाई आमना कॉलेजनं सॉफ्टवेअर. मी उघाडस. तू चहा ठेव.”

भिलाने चहा ठेवला. चहा उकळला, गाळला, प्याला. पडद्यावर निळं चाक फिरत होतं.

“आय-सेव्हन शे, पन चौथी पिढीना. दोन हजार चौदाना. मी चौथीमा व्हती दादा, तवयना. चार जीबी. दुसरी रॅम टाकाले गयं त ती बी जुनी जोयजे, नि बॅटरी बदलनी पडी. जानेवारीमा साठ पोरं बसतीन नि मन्हं चाक फिरी ऱ्हाई.” ती मोठ्याने बोलत नव्हती. “खोकं नवं शे. पोटमा काय शे ते देख.”

भिला उठून बाहेर गेला. गोठ्याची जागा मोकळी होती. शेण वाळलं होतं. तो तिथे खूप वेळ उभा राहिला आणि त्याला वाटलं, निदान पोरं दूध पितात. तेवढं तरी झालं.

तेही नव्हतं, हे त्याला दोन दिवसांनी कळलं. शीला आणि रुचिका त्या दिवशी घरीच होत्या. ढिगावर बसल्या बसल्या कौसाबाई म्हणाली, “भिला, तुन्ही म्हैस भलती मारकी शे रे. मन्ही सूनले लाथ मारी.”

“तुन्ही सून वसतिगृहमा कसाले गयती?”

“वसतिगृहमा? शेठना मळामा शे ती. मन्ही सून शेण काढस ना तठे.” तिने देठ खुडून टाकला. “दूध चांगलं शे म्हनतस. शेठनी बाई तूप कढावस.”

भिलाने हातातलं पोतं खाली ठेवलं. पोटात अजून दोन घमेली ओतायची होती. त्याने ती ओतली नाहीत. पोतं तसंच उघडं ठेवून तो नळावर गेला, कोपरापर्यंत हात धुतले, आणि घरी निघाला.

“पोर, तो लॅपटॉपना डबा ले,” तो दारातून म्हणाला. “नि चाल.”

शीलाने दोघांकडे पाहिलं. ती आत गेली, दावं घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं. “ती तुन्हा आवाजले येवाव नही,” ती म्हणाली. “मी बी येस.”

शेठचा मळा फर्लांगभरावर होता. केळीच्या पलीकडे नवा पत्र्याचा गोठा. आत जर्सी गाई, आणि कडेला, खुंटा नीट न ठोकलेला, भुरी. तिच्या एका सडावर जखम होती. शीला तिच्या कपाळावर हात ठेवून दावं सोडायला लागली. गड्याने फोन केला. दहा मिनिटांत शेठची गाडी आली.

“काय चालू शे, भिला?”

“म्हैस लयी जास, शेठ.”

“मंडळनी शे ती. दिधेल शे तू, माइकवर.”

“वसतिगृहले दिधी व्हती.”

“वसतिगृहमा गोठा शे का? तठे कोठे बांधू, पोरंसना खाटले? आठे बांधी. दूध जाई ना तठे, सोय व्हवू दे.”

“तूप कढी ऱ्हायना म्हनतस.”

शेठचा चेहरा बदलला नाही. बदलला तो आवाज. तो खाली आला. “भिला, चार लोकांसमोर शब्द दिधा तू. आनि मी तुन्ही पोरले काय दिधं ते इसरना का?”

रुचिकाने पिशवीतून लॅपटॉप काढला. कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि गव्हाणीच्या सिमेंटच्या काठावर ठेवला.

“नवीनच आहे तो जवळजवळ,” भाग्येश गाडीला टेकून म्हणाला. “मी फार वापरलाच नाही. आय-सेव्हन आहे, काकांना सांग.”

“दादाले मी सांगेल शे,” रुचिका म्हणाली. मग शुद्ध मराठीत, शाळेत उत्तर द्यावं तसं: “चौथ्या जनरेशनचा आहे. चार जीबी आहे. बॅटरी फुगली आहे, चार्जिंगला लावू नका, पेट घेईल. आतलं सगळं मी पुसलं आहे. काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.”

भाग्येश गाडीपासून सरळ झाला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने केळीकडे पाहिलं.

“पोरनी जीभ भलती वाढनी, भिला,” शेठ म्हणाले. “फुकट दिधं त त्यामा खोट काढतस. माले गरज व्हती का देवानी?”

“चालता व्हता त दिधा असता का, शेठ?” भिला म्हणाला. हे तो विचारत होता, ऐकवत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. शेठने रुमाल नाकाला लावला. गोठ्यात शेणाचा वास होता, पण शेठ भिलाकडे बघत होते.

“उद्यापासून पथारीवर पाय ठेवू नको. तुन्ही बाईले बी सांग.”

“ती आठेच उभी शे,” भिला म्हणाला. “तिनी ऐकं.”

शीलाने भुरीला बाहेर काढलं. म्हैस तिच्यामागून आली, न ओढता.

रस्त्याने घर लांब वाटलं. शाळा सुटली होती, पानटपरीवर माणसं होती. बातमी त्यांच्यापुढे गेली होती. सुकलाल मोटरसायकल हळू करून शेजारी आला. आता माइक नव्हता.

“भिला, देवना नाववर दिधेल परत लेस का रे? समाजमा तोंड कसं दखाडशी?”

भिलाला पुष्कळ बोलता आलं असतं. वसतिगृह, मळा, तूप, फोटो, खांद्यावरचा हात. पण सुकलालला ते सगळं माहीत होतं, आणि माहीत असूनच तो विचारत होता. हे लक्षात आल्यावर त्याच्या तोंडात शिसारीची थुंकी जमली. ती त्याने रस्त्याच्या कडेला थुंकली, सुकलालच्या चाकापासून लांब.

“हा,” तो म्हणाला. “लेस.”

टपरीवर कोणीतरी हसलं. सुकलालने गाडी पुढे काढली.

गुरुवारी प्रकाशाचा दूधवाला येऊन भुरीला घेऊन गेला. जखमेमुळे त्याने किंमत थोडी पाडून मागितली. शीलाने त्याला जखमेवर काय लावायचं ते दोनदा सांगितलं, आणि धार काढण्याआधी हात ताकाने धुवायचे हेही. तो हो हो म्हणाला. तो हात धुणार नाही हे तिला दिसत होतं.

शुक्रवारी बाप-लेक शहाद्याला उतरले. दुकान थंड होतं, काचेचं. दुकानदाराने भिलाच्या चपलांकडे पाहिलं, मग लादीकडे. रुचिकाने वही उघडून मॉडेलचं नाव सांगितलं. दुकानातल्या मुलाने खोकं आणलं. दुकानदार बिल लिहायला लागला.

“आधी उघडा,” रुचिका म्हणाली. आवाज एवढा लहान की तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

खोकं उघडलं. तिने मशीन सुरू केलं आणि एकेक पान उघडून वाचू लागली, वहीशी ताडून बघत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं.

“हा तो नाही,” ती म्हणाली. “नाव तेच आहे, पण ह्यात आठ जीबी आहे. मला सोळाचा पाहिजे. हा प्रोसेसरही मागच्या वर्षीचा आहे.”

“अहो ताई, एवढ्याने काय फरक पडतो? पहिल्या वर्षाला तर नुसतं टायपिंग असतं. सगळी मुलं हाच नेतात.” दुकानदार भिलाकडे वळला, समजूतदार माणसाकडे वळावं तसा. “दादा, तुम्ही सांगा तिला. काय कळतं पोरांना?”

भिलाला खोकला आला होता. तो दाबून धरल्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. या थंड हवेत त्याला आपल्या शर्टाचा वास येत होता, दोनदा धुतला तरी न गेलेला, आणि तो दुकानदारालाही येत असणार हे त्याला माहीत होतं.

“तिले समजस,” तो म्हणाला. “माले नही समजत. ती म्हनी तोच द्या.”

“तो गोडाऊनला आहे. वेळ लागेल.”

“लागू द्या.”

दुकानदाराने पेन खाली ठेवून फोन उचलला. भिला बाहेर आला, गटाराच्या कडेला वाकला आणि मनसोक्त खोकला. बाहेर पडलं ते काळपट तांबडं होतं, बुरशीच्या रंगाचं. त्याने त्यावर पायाने माती लोटली. काचेच्या आत रुचिका उभीच होती; बसायला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने मागितलंही नव्हतं. नंदुरबारची साडेतीनची गाडी स्थानकातून बाहेर पडली. पुढची पाचला होती. तो आत जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला.